मूळ प्रत

सकाळचे ऊन आधी पडद्याच्या खालच्या काठाला लागले. काठाची शिवण जिथे उसवली होती तिथून त्याची एक बारीक पट्टी फरशीवर उतरली, खुर्चीच्या पायापाशी वाकली आणि टेबलाच्या कडेवर चढली. घाई अशी तिला नव्हतीच. टेबलावर आईचा पाण्याचा पेला होता. त्यात ऊन शिरले तसे भिंतीवर एक फिकट वर्तुळ थरथरू लागले आणि थोड्या वेळाने स्थिरावले. पेल्यानंतर चष्म्याचे घर. त्यानंतर गोळ्यांची अर्धी रिकामी पट्टी. तिच्या फाटलेल्या चंदेरी कागदावर क्षणभर लखलख झाली आणि विझली. रोज याच वेळी, याच क्रमाने ऊन या टेबलावरून जात असे, आणि ते निरखत बसणे हे त्याच्या दिवसातले एकमेव असे काम होते ज्यात कुणाशी बोलावे लागत नसे. आज तो उन्हाच्या त्या पट्टीकडे बघत होता, कारण तिच्या वाटेत पुढे ती काळी डबी होती आणि तिच्याकडे सरळ बघायचा त्याला धीर होत नव्हता.

ऊन डबीवर चढले. पत्त्यांच्या जोडाएवढी हार्ड डिस्क. तिच्या पाठीवर बोटांचे ठसे दिसू लागले, सगळे त्याचेच. त्याने केबल काढली, तिच्या टोकावर फुंकर घातली आणि पुन्हा लावली.

निळा दिवा लागला. आत काहीतरी फिरू लागल्याचा, फार लांबून येणाऱ्या वाऱ्यासारखा आवाज आला. आणि मग, टक्. जराशी उसंत. टक्. टक्.

दिवा विझला. लॅपटॉपच्या पडद्यावर काहीच उमटले नाही.

"किती वेळा तेच करशील?" ताई दारातून म्हणाली. तिच्या हातात आईचा घडी केलेला टॉवेल होता. दवाखान्याची बॅग ती पहाटेपासून भरत होती, आणि भरलेली उपसून पुन्हा भरत होती.

"शेवटचं."

"मघाशीही शेवटचंच होतं."

आईला दुपारी चारच्या आत दवाखान्यात दाखल व्हायचे होते. शस्त्रक्रिया उद्या सकाळी होती. आधी किरणोपचार करून पाहू, नाहीच गुण आला तर गाठ स्वरयंत्रासकट काढावी लागेल, असे डॉक्टर पहिल्याच भेटीत म्हणाले होते. आणि गुण आला नव्हता. त्याच पहिल्या भेटीत तिथल्या वाचा-उपचारांच्या बाईंनी त्याला बाजूला घेऊन सुचवले होते की आवाज चांगला आहे तोवर साठवून ठेवा. साठवलेल्या आवाजावरून एक यंत्र तयार होते. उद्या आईने अक्षरे टाइप केली की ते यंत्र तिच्या आवाजात बोलेल. दाखल व्हायला याल तेव्हा फाइल्स घेऊन या, म्हणजे त्या शुद्धीवर येतील तोवर त्यांचा आवाज तयार असेल, असा निरोपही त्यांनी कालच पाठवला होता.

फाइल्स या डिस्कवर होत्या. फक्त या डिस्कवर.

आणि हे त्याच्याकडून व्हावे! तो ध्वनिसंकलक होता. ज्या स्टुडिओत तो काम करी तिथे पुस्तके वाचून मुद्रित केली जात, आणि वाचणाऱ्यांचे खोकले, ओठांची चटचट, पानांची सळसळ कापून आवाज नितळ करणे हे त्याचे काम. तिथल्या भिंतीवर त्याच्याच हस्ताक्षरातला कागद चिकटवलेला होता: 'एक प्रत म्हणजे शून्य प्रत.' नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तो त्या कागदाकडे बोट दाखवी. तोंडाने सांगण्यापेक्षा ते सोपे पडे. पण आईचा आवाज स्टुडिओच्या यंत्रावर ठेवायला त्याचे मन धजले नाही. कुणीतरी सहज उघडेल, ऐकेल, 'मला कूस बदलायची आहे' असल्या तिने वाचलेल्या वाक्यावर हसेल. इंटरनेटवर कुठे परक्या ठिकाणी तो चढवणे तर त्याला आईला रस्त्यात उभी करण्यासारखे वाटले. म्हणून त्याने ही वेगळी डिस्क आणली, तिच्यावर सगळे उतरवले आणि ती कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवली. लॅपटॉपमधले मूळ एका लांबलचक कादंबरीला जागा करून देण्यासाठी पुसले. दुसरी प्रत करायची होतीच. आज करू, उद्या करू.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," ताई पुटपुटली. पुढचे तिने गिळले, कारण त्याचा चेहरा तिला दिसला. ती टॉवेल छातीशी धरून आत आली. "हे बघ. आत्ता पुन्हा घे ना. आई समोर आहे, तू आहेस, तो तुझा माइक आहे. निघेपर्यंत होईल तेवढं होईल."

"नाही चालणार."

"का?"

"ऐकतेस ना कसा झालाय. फाटलेला. यंत्राला स्वच्छ लागतो."

"तू त्या बाईंना विचारलंस? की तूच ठरवलंस?"

तो केबल बोटाभोवती गुंडाळत राहिला.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतोयस."

"ताई, हा आवाज आईचा नाहीये!"

एवढ्या मोठ्याने तो त्या घरात वर्षानुवर्षे बोलला नव्हता. ताईची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच राहिली, तेव्हा त्याला कळले की आई स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे.

तिच्या हातात चहाचा कप होता. तो तिने सावकाश, बशीचा आवाज न होऊ देता टेबलावर ठेवला. अशी निःशब्दपणे वस्तू ठेवायची सवय तिला तिच्या कामाने लावली होती. जन्मभर तिने नाटकात प्रॉम्प्टिंग केले होते. विंगेच्या काळोखात एक छोटी बॅटरी आणि संहिता घेऊन ती बसे, आणि रंगमंचावर कुणाचा शब्द हरवला की तो त्याला मागून देई.

"मग कुणाचा आहे रे?" आई म्हणाली. तिचा आवाज फरशीवरून ओढलेल्या खुर्चीसारखा आला. "शेजारणीचा उचलून आणलाय का मी?"

ताई हसली. तो हसला नाही.

"तसं नाही, आई."

"मग कसं?"

उत्तर त्याच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच अडकले. लहानपणापासून हे असेच होते. पाहुण्यांनी नाव विचारले तरी त्याची जीभ टाळ्याला चिकटे. मग दाराआडून आई हळूच पहिले अक्षर देई, आणि तेवढा धागा धरून तो उरलेले बोले. त्याला ती मुक्या म्हणे. आताही ती थांबून राहिली. तिचे ओठ सवयीने किंचित हलले, जणू त्याचे वाक्य तिच्या जिभेवर आलेच होते. पण ते तिने दिले नाही.

"जा," ती म्हणाली. "त्या तुझ्या सुईणीकडं जायचंय ना? जाऊन ये. पण लवकर ये, मुक्या. उद्यापासून हे नाव मी घेणार आहे, तुला दुसरं शोधावं लागेल."

*

डिस्क रुमालात गुंडाळून, पिशवी छातीशी धरून तो चालत गेला. वाहनात बसला असता तर लवकर पोचला असता, पण हादरे बसतील अशी त्याला भीती वाटली. रस्ता ओलांडताना एकाचा धक्का लागला तेव्हा तो जागच्या जागी थिजला आणि पिशवी कानाला लावून उभा राहिला. बंद डिस्क काय बोलणार, हे लक्षात आल्यावर ओशाळून पुढे निघाला.

बंद पडलेल्या डिस्कमधला मजकूर काढून देणाऱ्या त्या बाईंना स्टुडिओतले सगळे 'सुईण' म्हणत. अडलेले बाहेर काढतात म्हणून. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती, आणि खालची यंत्रे चालू असली की खोलीच्या खिडकीची काच बारीक थरथरत असे. बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी डिस्कला वीज दिली आणि वैद्याने छाती तपासावी तसा तिच्यावर कान टेकवला.

टक्. टक्.

त्यांनी लगेच वीज तोडली. "घरी किती वेळा लावून बघितलीत?"

"थोड्या वेळा."

"थोड्या म्हणजे सकाळपासून." त्यांनी मान हलवली. "पडली होती?"

"नाही."

"सगळे नाहीच म्हणतात."

"खरंच नाही. कपड्यांच्या घडीत ठेवली होती."

"ठेवली छान असेल. काढायचात कशी? चालू असतानाच वायर ओढून?"

तो खिडकीच्या थरथरत्या काचेकडे बघू लागला.

"बरं. किती दिवस कुरकुरत होती?"

"कुरकुरत नव्हती. जरा हळू चालायची. कधीकधी दुसऱ्यांदा लावल्यावर दिसायची. मी केबल बदलली."

"म्हणजे कुरकुरत होती." त्या खुर्चीत मागे रेलल्या. "या एकाएकी जात नाहीत हो. बहुतेक जणी आधी सांगतात. ऐकणारा केबल बदलतो."

"पण नवीन आहे. चांगल्या कंपनीची. तीन वर्षांची गॅरंटी आहे."

"गॅरंटी डबीची असते. कंपनी तुम्हाला हसतमुखानं दुसरी डबी देईल, नवी कोरी. रिकामी." त्यांनी डिस्क तळहातावर तोलली. "खिशात ठेवायची वस्तू म्हणून विकतात. खिशात मावते एवढंच. आत तबकडी फिरते, आणि तिच्यावर सुई. टेकत नाही, तरंगते. तुमच्या डोक्यावरचा केस त्या फटीत मावायचा नाही. एवढ्याशा फटीच्या भरवशावर लोक आख्खा जन्म ठेवतात आणि डबी ठेवतात बॅगेत, किल्ल्यांबरोबर. दुसरी प्रत आहे?"

"नाही."

"मूळ?"

"म्हणजे?"

"ज्यावरून ही भरली ते. प्रत नसली तरी मूळ असतं कुठंतरी."

"मूळ पुसलं."

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि त्याच्याकडे नीट पाहिले. "कामधंदा काय करता?"

"ध्वनिसंकलन."

"मग आता तुम्हाला मी काय सांगायचं!" चष्मा पुन्हा वर गेला. "सुई तबकडीला चिकटली असेल तर सोडवते. तबकडी खरवडली गेली असेल तर तुम्ही आणि मी दोघं मिळून हळहळू. बसा."

"तीनच्या आत घरी पोचायचंय. तोवर होईल?"

"सुईण म्हणता ना मला? माहितेय मला. मग बाळंतपणाला घड्याळ लावू नये."

खोलीच्या आत काचेची दुसरी खोली होती, कपाटाएवढी. धूळ जाऊ नये म्हणून तिच्यात सतत हवेचा झोत सोडलेला असे. बाहेरच्या बाकावर बसून त्याला सगळे दिसत होते. हातमोजे घातलेल्या बोटांनी बाईंनी एकेक स्क्रू काढला. झाकण निघाले. आतली तबकडी इतकी लखलखीत होती की खिडकीचा चौकोन तिच्यात जसाच्या तसा उतरला. त्याला सकाळचे भिंतीवरचे वर्तुळ आठवले. एवढ्या स्वच्छ वस्तूत काही बिघडले असेल हे खरे वाटत नव्हते. त्याने गुडघ्यांवर हात दाबून धरले.

त्या तबकडीवर कुठेतरी आई होती. घरातल्या आतल्या खोलीत, दाराला आणि खिडकीला घोंगड्या लावून त्यांनी ती वाक्ये मुद्रित केली होती. दवाखान्यातल्या वाचा-उपचारांच्या बाईंनी दिलेली वाक्ये होती: मला पाणी हवे आहे. खिडकी बंद करावी. आज बरे वाटते. आई ती एकामागून एक वाचत गेली, जशी ती संहिता वाचे तशी, सपाट. तिच्या धंद्याचा तो नियमच होता. शब्द द्यायचा, भाव द्यायचा नाही. भाव दिलास तर नट तुझाच भाव उचलतो आणि नाटक बिघडते, असे ती सांगे. आणि वाक्य पूर्ण कधीच द्यायचे नाही. पहिले दोन शब्द द्यायचे. उरलेले त्याचे त्याला आठवले पाहिजे. वाचता वाचता मध्येच ती थांबे, पाणी पिई, काहीबाही बोले. ते सगळे त्याने नंतर कापून काढले. वाक्ये एका फोल्डरात ठेवली, कात्रणे दुसऱ्या. कात्रणेही त्याने फेकली नाहीत, कारण स्टुडिओत काम संपेपर्यंत काहीच फेकायचे नसते.

खिशात फोन थरथरला. पडद्यावर 'आई'. काचेपलीकडे बाईंच्या हातातला चिमटा तबकडीवर वाकलेला होता. त्याने फोन कापला. पाठोपाठ ताईचा निरोप आला: 'आई विचारतेय काही कळलं का.' त्याने लिहिले: 'चालू आहे.'

काचेपलीकडे चिमटा हलला, थांबला, पुन्हा हलला. बाईंच्या मानेवर घामाचा थेंब आला होता आणि तो पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. खालचा छापखाना जेवणाच्या सुट्टीसाठी थांबला, तेव्हा खोलीत एकाएकी इतकी शांतता झाली की त्याला आपला श्वास मोठा वाटू लागला.

फोन पुन्हा थरथरला. या वेळी त्याने घेतला.

"मुक्या, अरे, तुझा तो निळा शर्ट कुठाय? तोच घालून ये माझ्याबरोबर. आज घातलायस त्यात चोरासारखा दिसतोस."

त्या शांततेत आईचा फाटका आवाज फोनमधून सांडून खोलीभर झाला. त्याने फोन कानावर घट्ट दाबला. "आई, आत्ता नको. काम चाललंय."

"बरं. काही खाल्लंस का?"

"नंतर बोलतो."

"नंतर," आई म्हणाली. एक खरखरीत श्वास आला, हसल्यासारखा. मग फोन बंद झाला.

तो शब्द त्याच्या कानात राहिला. कान झाडावा तशी त्याने मान झटकली आणि तो पुन्हा काचेकडे वळला.

*

बाई बाहेर आल्या तेव्हा ऊन खोलीच्या दुसऱ्या भिंतीवर गेले होते.

"सुटली," त्या म्हणाल्या. तो उठला, तसे त्यांनी हाताने त्याला थांबवले. "सुई सुटली म्हणजे सगळं सुटलं असं नाही. या."

त्यांच्या पडद्यावर बारीक चौकटींची जाळी होती. चौकटी एकेक करून हिरव्या होत होत्या. मध्येच एखादी थांबे, विचार केल्यासारखी करी आणि लाल होई. मग लालची एक लांब रांगच लागली. त्याने टेबलाची कड धरली.

"दोन फोल्डर आहेत," बाई म्हणाल्या. "'स्वच्छ' आणि 'टाकाऊ'. बरोबर?"

"हो."

"ओरखडा 'स्वच्छ'वरून गेलाय. चिकटलेली सुई तुम्ही सकाळपासून पुन्हा पुन्हा ओढायला लावलीत, त्यानं गेला. त्यातलं काही निघेल असं मला वाटत नाही. 'टाकाऊ' मात्र छान येतंय."

"टाकाऊ नकोय मला."

"नको कसं? निदान माल तुमचाच आहे ना, एवढं तरी ऐका." आणि त्यांनी एका फाइलवर क्लिक केले.

आधी खोकला आला. मग पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग आई, किरणोपचारांच्या आधीची.

"हे काय वाक्य आहे? 'कृपया माझी उशी उंच करावी.' असं मागितलं तर कुठली उशी मिळायला! ज्यानं लिहिलंय त्याला कधी कुणी उशी दिली नसेल, बिचारा."

लांबून त्याचा स्वतःचा आवाज: "आई, फक्त लिहिलंय तेवढं."

"अरे पण मी म्हणेन, मुक्या, उशी दे. तू म्हणशील, उठून घे. मग मी तुझ्या बापजाद्यांचा उद्धार करेन, मग तू देशील." ती हसली. हसू लांबले, आणि त्याच्या शेवटाला एक बारीक खरखर होती, सकाळी फरशीवरून खुर्ची ओढल्यासारखी आली तीच. तेव्हाही ती होती. "बरं बाबा. लिहिलंय तेवढं."

आणि मग एका क्षणात सगळे निघून गेलेला, पांढऱ्या भिंतीसारखा सपाट आवाज: "कृपया माझी उशी..."

तिथे कात्री लागली होती. फाइल संपली. पुढचे वाक्य 'स्वच्छ'मध्ये होते.

तो पडद्याकडे बघत राहिला. 'स्वच्छ'मध्ये असे आवाज होते, एकामागून एक, शेकड्यांनी; प्रॉम्प्टरचे, रिकामे, कुणाही नटाने उचलावेत असे. ते नितळ झाले म्हणून तो किती समाधानाने हेडफोन काढून बसला होता.

"बोलायच्या छान," बाई म्हणाल्या. त्यांचा स्वर मऊ झाला होता. "कधी गेल्या?"

"कोण?"

"या. आई ना तुमच्या? माझ्याकडं आवाज घेऊन येतात ते गेलेल्यांचेच असतात."

"गेली नाही. घरी आहे."

"घरी आहेत?"

"उद्या ऑपरेशन आहे. उद्या आवाज जाणार आहे."

"उद्या," बाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "म्हणजे आज आहे."

त्याचा हात फोनच्या खिशावर गेला.

"मघाशी मी तुम्हाला मूळ कुठाय म्हणून विचारलं, तर तुम्ही पुसलं म्हणालात." त्यांनी डिस्कची वायर सारखी केली, आणि तेवढ्यासाठी गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला. "ही राहू दे इथं. निघेल तेवढं काढते, दोन ठिकाणी ठेवते. निघा तुम्ही. बाळंतीण इथं नाही तुमची."

*

जिन्याच्या वळणावर एक झरोका होता आणि त्यातून उतरते ऊन पायऱ्यांवर पडले होते. तो त्या उन्हात थांबला. फोन काढला. सकाळपासून पहिल्यांदा त्याने आपणहून आईला फोन लावला.

"हं, बोल."

मागे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज, ताईचे काहीतरी बोलणे, मग दार. आई दुसऱ्या खोलीत गेली असावी.

"ऐकू येतंय का? मुक्या?"

ऐकू येत होते. प्रत्येक अक्षराला एक कड होती, खडबडीत, उसवलेली, आणि त्या कडेच्या आत ती जशी होती तशी होती. त्याला पुष्कळ बोलायचे होते. सकाळी दारात तिने कप ठेवला तेव्हापासून ते त्याच्या मनात साठत गेले होते. त्याने तोंड उघडले. ओठांपर्यंत आले आणि अडकले. खाली छापखान्याची यंत्रे पुन्हा सुरू झाली आणि पायाखालची पायरी बारीक थरथरू लागली.

पलीकडे आई गप्प होती. रंगमंचावरचा नट मुद्दाम थांबला आहे की विसरला आहे, हे तिला विंगेच्या काळोखात नुसत्या श्वासावरून कळत असे. ती त्याचा श्वास ऐकत होती.

मग हळू, सपाट, कुठलाही भाव न घालता ती म्हणाली,

"आई, मी..."

"आई, मी निघालोय," तो म्हणाला.

"डिस्क काही..."

"डिस्क काही मिळाली नाही. म्हणजे, थोडी मिळाली. तुझे खोकले मिळाले."

पलीकडून खरखरीत हसू आले आणि खोकल्यात बुडाले. तो थांबला. कापून टाकावा असा तो खोकला त्याने पूर्ण ऐकला. पाणी पिण्याचा आवाज, पेला ठेवल्याचा.

"सकाळी मी..." ती म्हणाली, आणि थांबली.

"सकाळी मी..."

पुढचे ती देईना. त्याने कठड्यावर हात ठेवला. झरोक्यातले ऊन त्याच्या मनगटावर आले होते. त्याने हात काढला नाही.

"सकाळी मी बोललो ते खोटं होतं," तो म्हणाला. "आवाज तुझाच आहे."

"पाठ आहे की तुझं," आई म्हणाली. "उगाच मला बसवतोस मागं. ये आता. माइक मांडून ठेवलाय आम्ही टेबलावर, वायर कुठं लावतात ते तुझ्या ताईला कळेना."

"लिहिलेलं काही वाचायचं नाही आज," तो म्हणाला.

"बरं. मग काय बोलू?"

त्याने उत्तर दिले नाही, आणि या वेळी तिनेही शब्द दिला नाही. फोन कानाला तसाच धरून तो पायऱ्या उतरू लागला. डिस्क सकाळी पहिल्याच खेपेला चालू झाली असती तरी, उद्यापासून त्याला मागून शब्द देणारे कुणी असणार नव्हते.